महाड-पोलादपूर खोऱ्यांतील आश्रय : ओवरक आणि पोढि

सावित्री व गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ वसलेलें महाड हें जुन्या काळापासून बंदर व घाटमाथा यांमधील उताराचें ठिकाण आहे. वरंधा घाटानें भोरकडून किंवा पोलादपूरवरून आंबेनळीच्या घाटानें महाबळेश्वराकडून येणारा मनुष्य याच खोऱ्यांत उतरतो. अशा जागीं व्यापाराचा माल येतो, तशींच संकटांत सांपडलेलीं कुटुंबेंही येतात. दारीं आलेल्या परक्या माणसास हें खोरें आश्रय कसा देत आलें, आणि देतांना काय राखून ठेवीत आलें, याचा विचार प्रस्तुत टिपणांत करावयाचा आहे.

आरंभ लेण्यांपासून करणें योग्य होईल. महाडच्या वायव्येस पाले गांवालगतच्या डोंगरांत गंधारपाले येथील लेणीं आहेत. त्यांतील पहिल्या लेण्यांत कुमार काणभोअ विष्णुपालित याचा ब्राह्मी लेख आहे. या राजपुत्रानें लेणें, चैत्यगृह, आठ ओवरक आणि लेण्याच्या दोहों बाजूंस दोन पोढि दिल्या, तसेंच वाटही दिली, असें त्या लेखांत नमूद आहे. 'ओवरक' हा शब्द संस्कृत 'अपवरक' याचें प्राकृत रूप असून आपल्या देवळांतील 'ओवरी' त्याचीच वंशज होय. 'पोढि' म्हणजे कातळांत खोदलेलें पाण्याचें टांकें. दात्यानें खोल्यांची संख्या जशी सांगितली, तशीच टांक्यांचीही सांगितली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पावसाळ्याचे महिने एका जागीं काढणाऱ्या भिक्षूंसाठीं नुसतें छप्पर पुरेसें नव्हे. पाणी व येण्याजाण्याची वाट मिळाल्याखेरीज त्या छपरास आश्रय म्हणतां येत नाहीं. ही तीन अंगें हाच पुढील विवेचनाचा मापदंड समजावा.

मध्यंतरींच्या काळांत थोरामोठ्यांचे आश्रय आपणांस कागदांवरून कळतात. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतरच्या गडबडींत नाना फडणीस देश सोडून महाडास येऊन राहिले. तेथूनच त्यांनीं फौज जमविली, राजकारणें चालविलीं, आणि १७९६ च्या ऑक्टोबरांत निजामाशीं झालेला करार महाडच्याच नांवानें प्रसिद्ध आहे. पुढें २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरानें पुण्याजवळ जय मिळवितांच दुसरे बाजीराव पळाले, ते रायगड-महाडच्या मार्गानें सुवर्णदुर्गाकडे गेले आणि शेवटीं वसईस पोंचले. परंतु ज्याच्या पदरीं फौज आहे, त्यास ओवरी मागावी लागत नाहीं. ती आपोआप रिकामी होते. त्यामुळें अशा प्रसंगांवरून गांवाच्या औदार्याची परीक्षा करणें युक्त नव्हे.

त्यापेक्षां दोन लहान खुणा अधिक बोलक्या आहेत. 'शिवभारत'कार कवींद्र परमानंद हा मूळचा नेवाशाचा, परंतु त्याची समाधि पोलादपूरास आहे. प्रवरेकांठच्या विद्वानास शेवटची जागा सावित्रीच्या खोऱ्यांत मिळाली. दुसरी खूण उमरठची. तानाजी मालुसरे यांचें घराणें घाटावरून उतरून, मातुल शेलार यांच्या आधारानें उमरठास स्थायिक झालें, अशी या भागांतील परंपरा आहे. परंपरा म्हणजे दस्तऐवज नव्हे, हें खरें. तथापि निराधार कुटुंब बहुधा कोणाच्या दारीं जाई, हें तीवरून दिसतें. पहिला आधार नात्याचा असे. नातें नसेल तेथें काय होई, याचें उत्तर मात्र फार उशिरां, आणि फार कठोर रीतीनें, लिहिलें गेलें.

तें उत्तर १९२७ सालचें आहे. ता. १९ व २० मार्च रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली. आलेले लोक कांहीं दूरदेशींचे नव्हते. त्यांपैकीं कितीएक आसपासच्या खेड्यांतील असून महाडच्या बाजारास नेहमीं येणारे होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावे, हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलांत ४ ऑगस्ट १९२३ रोजीं संमत झाला होता, व महाड नगरपालिकेनेंही १९२४ च्या जानेवारींत चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला होता. असें असूनही परिषदेसाठीं ४० रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें. मांडव होता, पण तळें बंद होतें. आमच्या मापदंडाप्रमाणें ओवरक मिळाला, पोढि मिळाली नाहीं.

२० मार्च रोजीं लोकांनीं तळ्यावर जाऊन पाणी घेतलें. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळांत शिरण्याचा बेत असल्याची अफवा उठली, आणि परतीच्या तयारींत असलेल्या पाहुण्यांवर मांडवांत व रस्त्यांत लाठ्या चालल्या. या वेळीं कित्येकांनीं मुसलमान रहिवाशांच्या घरांत आसरा घेतला. ज्यांनीं दार उघडलें, त्यांचीं नांवें आपल्या हातीं नाहींत. त्याच वर्षीं २५ डिसेंबरास दुसरी परिषद भरली, तेव्हां मंडपासाठीं गांवांत जागा मिळेना. अखेर फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें आपली जागा दिली. व्यापाऱ्यांनीं माल देण्याचें नाकारल्यामुळें धान्यसामग्री बाहेरून आणावी लागली. तळ्यावर जाण्यास तर न्यायालयाची तात्पुरती मनाई होती. तो वाद मुंबई उच्च न्यायालयांत १७ मार्च १९३७ रोजीं निकालांत निघाला आणि अस्पृश्यांचा हक्क मान्य झाला. येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे : नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस, तसेच अनंतराव चित्रे व गंगाधर सहस्रबुद्धे हे स्पृश्य समाजांतील गृहस्थ पाहुण्यांच्या बाजूस उभे होते. म्हणजे गांव एकजिनसी नव्हतें, आणि दार उघडणें हें प्रत्येक घराच्या हातीं होतें.

आतां अगदीं अलीकडील काळाकडे येऊं. २००५ च्या जुलै अखेरीस अतिवृष्टीनें महाड तालुक्यांतील दासगांव, जुई, रोहन व कोंडिवते येथें दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजीं तळिये येथील वाडीच डोंगराखालीं गेली आणि ८० हून अधिक माणसें दगावलीं. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर सुतारवाडी येथेंही दरडींनीं बळी घेतले. जीं कुटुंबें वांचलीं, तीं आपल्याच तालुक्यांत परकीं झालीं. त्यांस शेत सोडावें लागलें, घर उरलें नाहीं, आणि नवी जागा दुसऱ्यांनीं दाखवावयाची. विशेष असें कीं २०२१ सालीं ज्या महाडानें त्यांस आसरा द्यावयाचा, तें शहर स्वतःच पुराच्या पाण्यांत होतें. दासगांवच्या दरडग्रस्तांनीं वर्षानुवर्षें पत्र्याच्या निवाऱ्यांत काढलीं. तळियेच्या कुटुंबांस प्रथम लोखंडी कंटेनरांत राहावें लागलें, व कायमच्या घरांचें काम म्हाडानें हातीं घेतलें. तात्पुरतें छप्पर तांतडीनें उभें राहतें. त्यापुढें नळाचें पाणी, शेताकडे जाणारी वाट आणि जागेवरील हक्क यांना वेळ लागतो. दोन सहस्रकांच्या जवळपास जुन्या त्या लेखांत दात्यानें हीच यादी खोल्यांबरोबरच कोरून ठेवली होती, हें पाहून मन अंतर्मुख होतें.

या विवेचनावरून निष्कर्ष निघतो तो असा. आश्रयाची कसोटी संकटाच्या पहिल्या रात्रीं लागत नाहीं, कारण त्या रात्रीं दयाळू माणसें बहुधा सर्वत्र असतात. ती लागते आलेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं पाणवठ्यावर येतो तेव्हां. १९२७ सालीं महाड शहर त्या कसोटीस उतरलें नाहीं, तरी त्यांतील कांहीं घरें उतरलीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आपण सनदा व महजर प्रेमानें जमवितों, परंतु आश्रय देणाऱ्या सामान्य घरांचे कागद कोणी जमवीत नाहीं. धर्मशाळांच्या वर्गणीच्या याद्या, देवळांचे व मशिदींचे जमाखर्च, शाळांत उतरलेल्या कुटुंबांच्या नोंदी, २००५ व २०२१ सालीं कोणी कोणास खोली दिली याच्या वह्या, हें सर्व साहित्य इतिहासाचेंच आहे. महाडच्या पुरांत माळ्यावरील दप्तरेंही सुरक्षित राहत नाहींत. कुमार विष्णुपालितानें आपलें दान कातळावर लिहिलें म्हणून तें टिकलें. १९२७ च्या मार्चांत ज्यांनीं आपलीं दारें उघडलीं, त्यांच्यासाठीं कोणी कातळ खोदला नाहीं. त्यांचीं नांवें एखाद्या घरच्या वहींत अद्यापि असतील, तर तीं आतांच उतरवून घेतलीं पाहिजेत.