घणाचे मोल

गावगाड्यात लोहाराला मजुरी नव्हती, बलुते होते. वर्षभर शेतकऱ्याचे फाळ ठोकून द्यावेत, विळ्या-कुऱ्हाडींना पाणी द्यावे आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्याचा ठरलेला वाटा घ्यावा. घाव किती घातले, हे कोणी मोजीत नसे.

कारखान्यात घाव मोजले जातात. तापलेले पोलाद दोन ठशांत धरून यंत्राच्या घणाने त्यास आकार देणे ही घडाई. थंड पत्रा दाबयंत्राखाली कापणे वा वाकविणे हे प्रेसकाम. १९६१ साली पुण्यात भारत फोर्ज ही घडाईची कंपनी निघाली. आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतही यंत्रांचे सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने आहेत, आणि आमच्या शाळेतली काही मुले पुढे अशा कामाला जातात. म्हणून हा विषय.

मजुरीच्या मुख्य रीती दोन: नगावर आणि वेळेवर. नगावरची मजुरी वरकरणी न्याय्य दिसते. जो अधिक काम करील त्यास अधिक दाम. परंतु प्रेसवर तिची दुसरी बाजू दिसते. दोन्ही हातांनी दोन कळा एकदम दाबल्याखेरीज ठसा खाली येऊ नये, अशी योजना यंत्राला करता येते. मग बोट ठशाखाली सापडत नाही. मात्र प्रत्येक नगामागे क्षण-दोन क्षण जास्त लागतात, आणि नगावर राबणाऱ्यास तेवढेही जड वाटतात. मग ती योजना निकामी केली जाते, कधी मुकादमाच्या देखत! १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने संपूर्ण तर्जनी तुटल्यास कमाईच्या शक्तीची हानी १४ टक्के धरली. हा आकडा हातापेक्षा हिशेबाच्या वहीला अधिक सोयीचा आहे, असे आम्हांस वाटते.

वेळेवरच्या वेतनाला आधार मिळाला तो १९४८ च्या किमान वेतनाच्या कायद्याने. पुढे २०१९ साली संसदेने संमत केलेल्या वेतन संहितेत तो गोवला गेला. या किमान वेतनात मूळ वेतनाशिवाय महागाईच्या निर्देशांकाबरोबर चढणारा भत्ता असतो. कर्नाटकात तो वर्षातून एकदा आणि महाराष्ट्रात दोनदा सुधारण्याची रीत आहे. दर ज्या त्या राज्याचे असल्यामुळे उद्यमबागेतला घणकरी आणि सीमेपलीकडे शिनोळीतला घणकरी यांचे काम एकच असूनही किमान वेतन एकच असेल असे नाही.

जादा वेळेचा हिशेब तर प्रत्येकाने स्वतः करावा. दिवसाच्या ९ किंवा आठवड्याच्या ४८ तासांपलीकडे काम झाल्यास दुप्पट दर, असे १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याने ठरविले. समजा, तासाचे ६० रुपये पडतात व आठवड्यात ५४ तास भरले. तर वरच्या ६ तासांचे ७२० रुपये होतात. कोणी ३६० हातावर ठेवले, तर उरलेले ३६० मागण्याचा हक्क कामगाराला आहे.

हल्ली एकाच भट्टीपुढे कायम कामगार व कंत्राटी कामगार शेजारी शेजारी उभे असतात. उष्णता दोघांस सारखीच लागते; वेतनचिठ्ठी मात्र निराळी, आणि कंत्राटी माणसास पुष्कळदा मालक कोण हेच सांगता येत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगारांच्या कायद्याने यावर एक तोड काढली: कंत्राटदाराने वेतन चुकविले, तर ते कारखान्याच्या मालकाने द्यावे व मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावे.