दहा ठोके, एक सेकंद

जुने टेलिफोन अजून कुणी दुरुस्त करतं का, बघून या, असं संपादकांनी सांगितलं आणि मी वाशीमहून रिठदला गेलो. रिसोड तालुक्यातल्या या गावात टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक मेकॅनिक राहतात. नाव छापायचं नाही ही त्यांची अट, म्हणून इथं ते नुसते काका. त्यांच्या टेबलावर काळ्या बेकेलाइटचा फोन उघडून ठेवलेला होता. डायल बाहेर काढलेली, आणि तिच्या दोन तारा एका जाडजूड काट्याच्या मीटरला जोडलेल्या.

इतिहास थोडक्यात सांगतो. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झालं. तेव्हा ऑपरेटर जोडून द्यायचे. ऑपरेटरशिवाय आपोआप जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट अमेरिकेतल्या अल्मन स्ट्राउजरला १८९१ साली मिळालं. त्याचा धंदा अंत्यविधीचं सामान पुरवण्याचा. आपल्याकडे १९४८ साली बंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली आणि स्ट्राउजरची यंत्रं इथंच बनू लागली.

या यंत्राला आकडा कळतो तो ठोक्यांनी. डायल फिरवून सोडली की ती परत येताना लाइन तोडते आणि जोडते. पाचाला पाच वेळा, शून्याला दहा वेळा. वेग ठरलेला, सेकंदाला दहा ठोके. त्यातही प्रत्येक ठोक्याचे साधारण दोन भाग लाइन तुटलेली आणि एक भाग जोडलेली हवी. म्हणजे सुमारे ६७ मिलिसेकंद तुटक, ३३ जोड. एक्स्चेंजमधला सिलेक्टर या ठोक्यांवर एकेक पायरी वर चढतो, मग आडवा वळतो. डायल फार मंद झाली तर तुटक लांबते, लाइन धरून ठेवणारा रिले फोन ठेवला असं समजून सुटतो आणि कॉल जातो. फार जलद झाली तर सिलेक्टरच्या चुंबकाला पायरी गाठायला वेळ पुरत नाही. मग राँग नंबर लागतो. फोन बिघडल्याच्या १९८ वर यायच्या त्यातल्या किती तक्रारींचं मूळ डायलच्या पोटात असेल, असं मला तिथं बसल्या बसल्या वाटत राहिलं.

दहाच्या थोडं मागंपुढं चालतं, पण वेग नऊ ते अकराच्या आत हवा. मी म्हटलं, स्टॉपवॉच लावून पाहता येईल की. काका म्हणाले, "घड्याळ कामाचं नाही इथं. तुमचा अंगठाच टाइम खाते." हिशेब केला तर त्यांचं बरोबर निघालं. सेकंदाला नऊ ठोक्यांनी शून्याचे दहा ठोके १.११ सेकंदात होतात, अकरांनी ०.९१ सेकंदात. चालण्याजोग्या सगळ्यात मंद आणि सगळ्यात जलद डायलमधलं अख्खं अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाचं. बटण दाबायला माणसाचा हातच तेवढा वेळ घेतो.

म्हणून काटा. त्यांचं मीटर एव्हो आहे. ब्रिटिश टपाल खात्यातल्या डोनाल्ड मॅकाडी नावाच्या इंजिनिअरने हे मीटर घडवलं आणि १९२३ साली ते बाजारात आलं. त्याचं आठवं मॉडेल पुढं कितीतरी वर्कशॉपांत पोचलं. बॅटरी, रेझिस्टन्स आणि डायलचे संपर्क एकामागोमाग जोडायचे. डायल स्थिर असताना काटा शंभरावर आणून ठेवायचा. मग शून्य फिरवून सोडायचं. काटा झपकन खाली येतो, जरासा थरथरतो आणि तेहतिसाच्या आसपास रेंगाळतो. प्रत्येक ठोक्यामागे धावणं त्याला जमत नाही, तो जड आहे. तो त्यांची सरासरी दाखवतो, आणि इथं सरासरीच हवी असते. काकांनी शेजारी स्वस्तातलं डिजिटल मीटर लावून दाखवलं. ते सेकंदातून दोन-तीनदाच आकडा बदलतं. त्या क्षणी लाइन जोडलेली की तुटलेली, त्यावर काहीही दिसतं. काट्याचा हा संथपणा मला फार आवडला. डायलची एका सेकंदाची फेरी आणि काट्याची चाल एकमेकांना धरून आहेत.

वेगासाठी दुसरी जोडणी. प्रत्येक ठोक्याला एक कंडेन्सर भरायचा आणि मीटरमधून रिकामा करायचा. जितके ठोके जास्त, तितका काटा वर.

काट्यावर वेग चुकलेला दिसला की डायलमधला गव्हर्नर बघायचा. वर्मच्या दांड्यावर दोन वजनं, पातळ पट्ट्यांना लावलेली. दांडा फिरला की ती बाहेर फाकतात, भोवतीच्या वाटीला आतून घासतात आणि वेग आवरला जातो. पट्ट्या केसभर वाकवून काका वेग जुळवतात आणि प्रत्येक वेळी पुन्हा शून्य फिरवतात. मी तेलाची कुपी हातात घेतली तर त्यांनी ती काढून घेतली. "याले तेल नका देऊ, भाऊ. तेल देल्लं का हा पयालेच लागते." घासणं हेच ज्याचं काम, त्याला तेल घातलं तर ब्रेक सुटतो. जुनं ग्रीस मात्र घट्ट झालं की डायल रखडते. ते खरवडून काढावंच लागतं.

त्यांच्याकडे येणारे बहुतेक फोन आता शोभेसाठी घेतलेले असतात. कुणाला तो वाजलेला हवा असतो, कुणाला फिरवायलाही हवा असतो. पण फायबरच्या डब्याला फोन जोडला तर पुष्कळदा डायलचे ठोके त्याला कळतच नाहीत. त्याला बटणांचे सूर लागतात. ठोक्यांचे सूर करून देणारी छोटी सर्किटं मिळतात. पण त्या सर्किटलाही ठोके ठरलेल्या वेगातच लागतात, म्हणजे तपासणी चुकत नाही. मुख्य स्प्रिंग थकली तर नवी मिळत नाही. एका मेलेल्या डायलची काढून दुसरीत घालतात, आणि मेलेल्या डायलीही संपत आल्यात. मीटरचं दुखणं वेगळंच आहे. वर्षानुवर्षांत आतल्या रेझिस्टन्सच्या किमती सरकतात, मग काट्यावर भरवसा ठेवण्याआधी काट्यालाच तपासावं लागतं. त्याच्या ओहमच्या मोठ्या रेंजला १५ व्होल्टची खास बॅटरी लागते. ती जवळपास कुठंच मिळत नाही, म्हणून काकांनी दीड व्होल्टचे दहा बटणसेल एका नळीत ओळीनं भरलेत. त्यातला एक उतरला की शून्य जुळत नाही, आणि कुठला उतरला ते शोधण्यात त्यांची सकाळ जाते.