बघा, वाका आणि पसार व्हा!

मित्रहो, सबमिशनच्या आठवड्यात रात्री दोन वाजता आमच्या रूमवर दिवा दिसला तर उगाच कौतुक करू नका. आम्ही जर्नल लिहीत नसतो. आम्ही १९४० सालचं इंग्लंड वाचवत असतो!

आता हे काय नवीन खूळ, असं विचाराल. टेबलावर सैनिकांच्या छोट्या बाहुल्या मांडायच्या आणि फूटपट्टी, फासे घेऊन लढाई खेळायची, याला 'वॉरगेम' म्हणतात. खूळ मुळीच नवीन नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना असा खेळ शिकवत. 'टाइम मशीन'वाल्या एच. जी. वेल्सनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे अशा खेळाच्या नियमांचं पुस्तकच काढलं.

आम्ही खेळतो तो मात्र विनोदी प्रकार. त्यातले हीरो कमांडो नाहीत, तर खेड्यातला खाटीक, बँकेचा मॅनेजर आणि निवृत्त पोस्टमन आहेत.

हे लोक खरे होते. मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंड, बेल्जियम, फ्रान्समध्ये घुसल्या. आता पॅराशूटवाले आपल्याकडे उतरणार, ही धास्ती इंग्लंडला बसली. १४ मे रोजी युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून १७ ते ६५ वयाच्या पुरुषांना गावराखणीसाठी बोलावलं. उन्हाळ्यातच आकडा दहा लाखांच्या वर गेला. पहिलं नाव 'लोकल डिफेन्स व्हॉलंटियर्स', म्हणजे एल.डी.व्ही. लोकांनी लगेच त्याचा फुलफॉर्म केला, 'लुक, डक अँड व्हॅनिश'. बघा, वाका आणि पसार व्हा! जुलैमध्ये चर्चिलनी नाव बदलून 'होम गार्ड' केलं.

सुरुवातीला हत्यारं म्हणजे शिकारीच्या बंदुका नाहीतर काठ्या. पुढे तर सरकारने लोखंडी नळीला संगीन जोडून चक्क भाले बनवले. शत्रूला वाट सापडू नये म्हणून रस्त्यावरच्या गावांच्या पाट्या काढल्या. चर्चच्या घंटा बंद, शत्रू उतरला तरच वाजवायच्या. वर अफवा अशी, की जर्मन सैनिक नन्सचा वेष घेऊन उतरतात! यावर विनोद सुचला नाही तरच नवल. बीबीसीची 'डॅड्स आर्मी' ही मालिका १९६८ ते १९७७ अशी चालली. तिच्या दोन लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः पोरवयात होम गार्डमध्ये होते.

आता खेळ. 'बोल्ट अ‍ॅक्शन' नावाचे २०१२ साली आलेले नियम आम्ही वापरतो. बाहुल्या २८ मिलिमीटरच्या असतात. त्या परवडत नाहीत, म्हणून आमच्याकडे बुद्धिबळाची प्यादी. चर्च थर्माकोलचं, अंतर मोजायला ड्राफ्टरची पट्टी. प्रत्येक तुकडीचा एक फासा पिशवीत टाकायचा (आमच्याकडे पिशवी म्हणजे मोजा, धुतलेला!) आणि न बघता एकेक काढायचा. ज्याच्या रंगाचा फासा निघेल त्याची एक तुकडी हलणार. म्हणजे आधी तू, मग मी असं नाही. पुढची पाळी कोणाची, हे सेनापतीलाही माहीत नसतं.

खरी गंमत 'पिन'मध्ये आहे. तुकडीवर गोळीबार लागू पडला की कोणी मेलं नाही तरी एक पिन बसते. पिन म्हणजे भीती. नवख्या तुकडीचं मनोबल ८. पिन असेल तर हुकूम पाळायच्या आधी दोन फासे टाकायचे. बेरीज मनोबलातून पिना वजा केल्यावर उरेल तेवढी किंवा कमी आली पाहिजे. एक पिन असेल तर ७ किंवा कमी हवेत. छत्तीसातल्या २१ शक्यता, म्हणजे ५८ टक्के. तीन पिनांना ५ हवेत, शक्यता १०, म्हणजे जेमतेम २८ टक्के. एम-थ्रीवाल्यांनी पडताळून पाहावं! आणि दोन्ही फाशांवर सहा पडले (छत्तीसातून एकदा) तर तुकडी भांबावून आपल्याच माणसांवर गोळ्या झाडते किंवा पळत सुटते.

गेल्या महिन्यात असंच झालं. माझ्या खाटकाने स्वतःच्याच पोस्टमनवर गोळी झाडली आणि आम्ही हसून लोळलो. आवाज ऐकून वॉचमन काका वर आले. आता ओरडणार असं वाटलं, पण ते टेबलापाशी उभे राहिले. "होमगार्ड? पोरांनो, मी अकरा वर्षं होतो होमगार्डमध्ये. गणपती, निवडणुका, सगळा बंदोबस्त केला." मग विचारलं, "यांच्याकडे बंदुका होत्या का?" मी भाल्यांचं सांगितलं. काका म्हणाले, "आमच्याकडे काठी. दिवसा शेत, रात्री ड्यूटी. घाबरलो नाही असं नाही, पण जागा सोडली नाही."

आमचं हसू जरा आवरलं. आपल्याकडचं हे दल मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६ मध्ये उभं राहिलं, नाव तेच. इंग्लंडच्या होम गार्डला ३ डिसेंबर १९४४ रोजी निरोप दिला, तोवर ड्यूटीवर बाराशेहून जास्त माणसं गेली होती. जर्मन तर आलेच नाहीत. हिटलरने १७ सप्टेंबर १९४० रोजी स्वारी पुढे ढकलली, ती कायमची. १९७४ मध्ये सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत ती स्वारी वॉरगेम म्हणून खेळून पाहिली, तिथेही जर्मन हरले.

त्या रात्री शेवटची पाळी उरली होती. पुलावरच्या म्हाताऱ्यांच्या तुकडीवर तीन पिना. फासे काकांच्या हातात दिले. पडले सात! हुकूम पाळला गेला नाही. पण नियम असा, की नापास झालेली तुकडी पळत नाही, जागेवरच आडवी होते. म्हणजे पुलावर ती होतीच. पूल आमचा राहिला!

काका फक्त म्हणाले, "आता झोपा." तेव्हापासून दर शनिवारी राउंड झाला की ते दहा मिनिटं आमच्या रूमवर थांबतात. पुलावरचं एक प्यादं त्यांचं आहे. तुम्हीही या. फक्त मोजा स्वतःचा आणा, धुऊन!