मासा येण्यापूर्वी

मुंबईत मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्टेशनजवळ, १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. समुद्रातले रंगीबेरंगी मासे काचेपलीकडे पोहताना कित्येक मुलांनी पहिल्यांदा पाहिले ते तेथेच. मत्स्यालयातून बाहेर पडले की समोर खराखुरा समुद्र! मग एखाद्या मुलाला वाटे, या समुद्राचे बादलीभर पाणी घरी न्यावे, काचेच्या पेटीत ओतावे आणि त्यात मासा सोडावा. झाले आपले मत्स्यालय!

असे केले तर काय होईल? एक-दोन दिवस मासा पोहेल. मग तो पाण्याच्या वरच्या थराशी येऊन जोरजोराने कल्ले हलवू लागेल. खाणे सोडील. आठवडाभरात बहुधा तो मरेल. नवल असे, की त्या दिवशीही पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असेल. घरातले लोक म्हणतील, "दुकानदाराने आजारी मासा दिला." पण मासा आजारी नव्हता. त्याचे घर तयार नव्हते.

हे घर कसे तयार करतात ते पाहू. समजा, तुमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाने प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची पेटी ठेवायचे ठरवले आहे. पेटी ९० सेंटिमीटर लांब आणि ३५ सेंटिमीटर रुंद आहे. तिच्यात ३२ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरले, तर ते साधारण १०० लिटर होते. गुणाकार करून पाहा. या पाण्याचेच वजन शंभर किलोंहून जास्त भरेल. त्यात काच आणि दगड मिळवा. म्हणून पेटी डगमगत्या टेबलावर ठेवायची नाही. खिडकीजवळही नको, कारण उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजते.

आता पाणी. किनाऱ्यावरचे पाणी घेणे बरे नव्हे. मोठ्या शहराजवळच्या समुद्रात सांडपाणी मिसळते. पावसाळ्यात नद्या-नाल्यांचे गोडे पाणी येऊन तेथला खारेपणा कमी होतो. आणि मालेगावच्या किंवा अकोल्याच्या मुलांनी समुद्र आणायचा तरी कोठून? म्हणून मत्स्यालयासाठी समुद्राचे पाणी तयार करतात.

त्यासाठी स्वयंपाकघरातले मीठ चालेल का? नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी साधारण ८५ टक्के भाग आपल्या मिठाचाच असतो, हे खरे. पण उरलेल्या भागात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असे कितीतरी पदार्थ असतात. तेही समुद्रातल्या जिवांना लागतात. हे सारे योग्य प्रमाणात मिसळलेले 'सागरी मीठ' मत्स्यालयाचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. शंभर लिटरला सुमारे साडेतीन किलो लागते. नेमके प्रमाण पाकिटावर दिलेले असते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते आपल्याला रोगजंतूंपासून वाचवते, पण माशाच्या नाजूक कल्ल्यांना जाळते. म्हणून आरओ यंत्रातून शुद्ध केलेले पाणी घ्यावे. पाण्यात मीठ थोडे थोडे टाकावे. मिठावर पाणी ओतू नये, नाहीतर काही क्षार विरघळत नाहीत, तळाशी पांढरे बसतात. मग पंप सुरू करून पाणी एक दिवस खेळते ठेवावे. दुधात पाणी किती हे पाहायला लॅक्टोमीटर वापरतात ना? तसेच पाण्याचा खारेपणा पाहायला हायड्रोमीटर असते. त्यावर १.०२५ च्या आसपास आकडा आला, म्हणजे आपले पाणी समुद्राच्या जवळ पोहोचले.

खारेपणा थोडा कमी-जास्त झाला तर काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवतात. थोड्या वेळाने भांड्यात पाणी सुटलेले दिसते. मिठाने फोडींतले पाणी बाहेर ओढून घेतलेले असते. समुद्रातल्या माशाचेही तसेच होते. त्याच्या शरीरापेक्षा बाहेरचे पाणी कितीतरी जास्त खारट असते. त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर जात राहते. म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. पाण्यात राहून तहानलेला, असा हा प्राणी आहे! हे काम तो रात्रंदिवस करत असतो. खारेपणा एकदम बदलला, की त्याचा सारा हिशेब चुकतो.

आणि खारेपणा आपोआप बदलतो. पेटीतल्या पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. वसई-उरणकडच्या मिठागरांत नेमके हेच घडते. १०० लिटरमधले ५ लिटर पाणी उडून गेले, तर सगळे मीठ ९५ लिटरांत राहते आणि पाणी अधिक खारट होते. म्हणून पेटीच्या काचेवर पेनाने एक रेघ मारून ठेवावी. पाणी रेघेच्या खाली गेले, की तेवढे साधे शुद्ध पाणी घालावे. खारे पाणी घालायचे नाही. पुष्कळ लोक येथेच चुकतात.

आपल्याकडे या पेटीला थंडीपेक्षा उन्हाळ्याचे भय अधिक. या माशांना २४ ते २७ अंश सेल्सियस तापमान मानवते. मे महिन्यात वर्गातलेच तापमान त्याच्या कितीतरी वर जाते. अशा वेळी पाण्यावर छोटा पंखा लावला, तर पाणी दोन-तीन अंशांनी थंड होते. मात्र वाफही जास्त होते, तेव्हा रेघेकडे लक्ष हवे. वीज गेली तर पंप थांबतो आणि पाण्यात प्राणवायू मिसळेनासा होतो. जेथे वीज वारंवार जाते, तेथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असलाच पाहिजे.

पेटी भरली, पाणी खारे झाले, पंप चालू झाला. आता मासा आणायचा? अजून नाही. खरे काम तर आता सुरू होते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

मासा श्वास घेतो, अन्न खातो, मलमूत्र टाकतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया नावाचा पदार्थ सतत पाण्यात जात असतो. उरलेले अन्न कुजले तरी अमोनियाच तयार होतो. हे विष आहे. अथांग समुद्रात ते कोठल्या कोठे पसरून जाते. शंभर लिटरच्या पेटीत ते जाणार कोठे? मासा स्वतःच्याच विषात कोंडला जातो. समुद्राच्या पाण्यात तर अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त बाधतो.

यावर इलाज निसर्गानेच करून ठेवला आहे. काही जिवाणू अमोनियावरच जगतात. ते त्याचे रूपांतर नायट्राइट नावाच्या पदार्थात करतात. नायट्राइटही माशांना घातकच. पण दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेट बनवतात. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असते. ते फार साठू नये म्हणून दर आठवड्या-पंधरवड्याला थोडे जुने पाणी काढून नवे खारे पाणी घातले, की पुरते.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले, तेव्हा जिवाणूंचे हे काम कोणालाच ठाऊक नव्हते. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास या जिवाणूंचा शोध लावला. ते मातीचा अभ्यास करत होते. शेतातल्या मातीत चालणारे हे काम पाण्यातही चालते.

नव्या पेटीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. त्यांची वस्ती वसवावी लागते. त्यांना बसायला खडबडीत जागा हवी. म्हणून पेटीत सच्छिद्र दगड किंवा चिनी मातीचे खास तुकडे ठेवतात. परदेशांत यासाठी प्रवाळांच्या बेटांजवळचे दगड वापरतात. आपल्या समुद्रातून मात्र प्रवाळ काढता येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना २००१ पासून वाघासारखेच संरक्षण मिळाले आहे. समुद्रघोड्यालाही तसेच संरक्षण आहे.

जागा झाली, आता जिवाणूंना अन्न हवे. मासा तर नाही, मग अमोनिया कोठून येणार? पेटीत रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे, किंवा कोळंबीचा छोटा तुकडा टाकून ठेवावा. तो कुजतो आणि अमोनिया तयार होतो. थोडा वास येईल; प्रयोगशाळेत तेवढे चालते. एखाद्याची जुनी, चांगली चाललेली खाऱ्या पाण्याची पेटी असेल, तर तिच्यातले दोन-चार तुकडे आणून आपल्या पेटीत घालावेत. दुधाला विरजण लावतो ना, तसेच हे. फरक एवढाच, की दही एका रात्रीत लागते, आणि हे जिवाणू फार सावकाश वाढतात. त्यांची संख्या दुप्पट व्हायला अर्धा-एक दिवस, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. सगळी वस्ती तयार व्हायला चार ते सहा आठवडे धरून चाला.

एवढे दिवस रिकाम्या पेटीकडे पाहत बसणे मुलांना कठीण जाईल. पण पेटी रिकामी नसते. पाणी तपासण्याच्या रंगद्रव्यांचा संच दुकानात मिळतो. छोट्या नळीत पेटीतले पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे आणि आलेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. दर दोन दिवसांनी असे करून वहीत आकडे लिहा आणि त्यांचा आलेख काढा. पहिल्यांदा अमोनियाची रेषा वर चढेल. काही दिवसांनी ती खाली येऊ लागेल आणि नायट्राइटची रेषा वर जाईल. मग तीही उतरेल आणि नायट्रेट वाढू लागेल. जे जिवाणू तुम्हांला कधी दिसणार नाहीत, त्यांचे काम तुमच्या वहीत असे उमटेल. मधल्या काळात काचेवर व दगडांवर तपकिरी थर आला, तर घाबरू नका. ते सूक्ष्म शेवाळ आहे. नव्या पेटीत ते येतेच आणि बहुधा आपोआप कमी होते.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, आणि पुन्हा थोडे खाद्य टाकल्यावर दुसऱ्या दिवशीही ते शून्यावरच राहिले, म्हणजे घर तयार झाले. मग निम्म्याच्या आसपास पाणी बदलून साठलेले नायट्रेट कमी करावे.

पहिला पाहुणा कोण? क्लाउनफिश, म्हणजे विदूषक मासा, चांगला. लहान, काटक आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. तो हौदात जन्मलेला आहे ना, हे दुकानदाराला अवश्य विचारा. सागरी मत्स्यालयांत ठेवले जाणारे बहुतेक जातींचे मासे आजही समुद्रातूनच पकडले जातात. घाईने तयार केलेल्या पेटीत एक मासा मेला, की त्याच्या जागी प्रवाळांतून दुसरा पकडला जातो. विदूषक माशांची पैदास मात्र माणसाला साधली आहे. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती करून दाखवली आहे, आणि लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावरील महिलांना असे शोभिवंत सागरी जीव वाढवण्याचे शिक्षण देण्यात आले आहे.

मासा पिशवीतून येतो. त्याला एकदम पेटीत ओतू नये. पेटीचा दिवा बंद करावा आणि बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्हीकडचे तापमान सारखे होईल. मग पिशवी उघडून तासाभरात तिच्यात पेटीतले पाणी थोडे थोडे घालावे. खारेपणातला फरक माशाला असा हळूहळू अंगवळणी पडतो. शेवटी मासा छोट्या जाळीने उचलून पेटीत सोडावा. पिशवीतले पाणी पेटीत ओतू नये; त्यात दुकानातली घाण आणि रोगजंतू असू शकतात.

पहिल्या दिवशी मासा दगडामागे लपून बसेल. त्याला बसू द्या. काचेवर टिचक्या मारू नका. दुसऱ्या दिवशी अगदी थोडे खाद्य टाका आणि पुन्हा अमोनिया तपासा. एका माशाला पुरतील एवढे जिवाणू पेटीत आहेत. चार मासे एकदम आणले, तर ते कमी पडतील. दुसरा मासा आणायला अजून तीन-चार आठवडे आहेत. तोपर्यंत वहीतला आलेख चालू ठेवा.