कामाची वही, स्वतःच्या नावाने

कष्ट आमचे आणि नाव दुसऱ्याचे, ही या समाजव्यवस्थेची जुनी रीत आहे. मेळघाटातले सागवान परतवाड्याच्या आरामशिनींवर चिरले जाते, त्याची दारे-पलंग दूरवर जातात. पण त्यांवर नक्षी कोरणाऱ्याचे नाव कोठेही नसते. भिंतीवर अक्षरे रंगविणारा, जयंतीचे फलक करणारा, शाहिरी पथकासाठी गाणी लिहिणारा, यांचीही तीच गत. पुढे कोणी 'तुम्ही आजवर काय केले?' असे विचारले, तर दाखवावयास हाती काही उरत नाही. ज्याच्यापाशी नोंद नाही, त्याच्या कामाचे मोल दुसराच ठरवितो.

इंग्रजीत जिला पोर्टफोलिओ म्हणतात, ती मुळात कामाची वहीच. ती इंटरनेटवर मांडली की डिजिटल पोर्टफोलिओ होतो. गेली काही वर्षे परतवाडा-अचलपूर भागातील विद्यार्थ्यांना व तरुण कारागिरांना अशी वही करण्यास मी मदत करीत आहे. बहुतेकांच्या घरी संगणक नाही. तरीही दोन-तीन रविवारांत प्रत्येकाचे पान उभे राहते. ते कसे, हे येथे सांगावयाचे आहे.

'फेसबुक, इन्स्टाग्राम असताना वेगळे संकेतस्थळ कशाला?' हा प्रश्न सर्वांत आधी येतो. काम लोकांपर्यंत पोहोचविण्यास ही साधने उपयोगी आहेतच. परंतु जागा मालकाची आणि नियमही त्याचेच. जिओसिटीजवर असंख्य लोकांनी पाने मांडली होती; २००९ साली ती सेवा बंद झाली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. स्वतःच्या साधनाचे महत्त्व आपल्या चळवळीला नवे नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊन छापण्यासही 'केसरी'ने नकार दिला होता. दुसऱ्याच्या पत्रातील कोपऱ्यावर विसंबून चालत नाही, हा धडा त्यातूनच मिळतो.

संकेतस्थळ म्हणजे काही गूढ वस्तू नव्हे. त्याला तीन गोष्टी लागतात: मजकुराची फाइल, ती ठेवण्यासाठी सतत चालू असणारा संगणक म्हणजे सर्व्हर, आणि तेथवर पोहोचण्याचा पत्ता. टिम बर्नर्स-ली यांनी ही रचना जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत उभी केली आणि १९९३ साली सर्नने ती सर्वांना विनामूल्य खुली केली. तेव्हा पान लिहिण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

प्रारंभ कागदावर करावा. चार भाग पुरेत. पहिला, नाव आणि आपण काय करतो हे सांगणारे एक वाक्य. दुसरा, निवडक पाच-सहा कामे. तिसरा, थोडक्यात ओळख. चौथा, संपर्कासाठी ई-मेल. प्रत्येक कामाखाली ते काय आहे, कोणासाठी केले, कोणत्या वर्षी केले आणि त्यात आपला वाटा कोणता, हे लिहावे. काम पथकाचे असेल तर सोबत्यांची नावे त्यांना विचारून द्यावीत. आपल्या नावासाठी झगडणाऱ्याने दुसऱ्याचे नाव गाळू नये. आधार कार्ड, जातीचा दाखला, गुणपत्रिका, घरचा पत्ता यांतले काहीही पानावर ठेवू नये.

नंतर हा मजकूर एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहावयाचा. संगणकावरील नोटपॅड त्यासाठी पुरते. मोबाइलवरही साधा मजकूर लिहिण्याची अॅप्स मिळतात. टोकदार कंसांत खूण करून हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, असे ब्राउझरला सांगायचे. शीर्षक व परिच्छेदाची खूण उघडली की शेवटी ती बंद करावी लागते. डझनभर खुणांत आपले पान होते. तीन सूचना मात्र आरंभीच द्याव्यात: अक्षरे यूटीएफ-८ पद्धतीची आहेत, भाषा मराठी आहे, आणि पानाची रुंदी मोबाइलच्या पडद्याएवढी धरावी. पहिली चुकली तर मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हे दिसू शकतात. तिसरी राहिली तर मोबाइलवर अक्षरे मुंगीएवढी होतात. फाइलला 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' हे नाव इंग्रजी लहान अक्षरांत द्यावे, कारण सर्व्हर सामान्यतः हीच फाइल प्रथम उघडतो.

आपल्याकडे एक अडचण विशेष आहे. डीटीपीच्या काळात पुष्कळ मराठी मजकूर जुन्या फाँटांत जुळविला गेला. त्या फाँटांत 'क'च्या जागी आतून एखादे इंग्रजी अक्षरच असते. असा मजकूर पानावर चिकटविला तर वाचता येत नाही आणि गूगलला सापडतही नाही. म्हणून तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण नंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात. कवितेचे नुसते छायाचित्र लावणेही पुरेसे नाही. शब्द टंकलेले असतील तरच शोधात भरवशाने सापडतील आणि अंध वाचकाला ऐकता येतील.

छायाचित्रांचे वजनही पाहावे. मोबाइलने काढलेले चित्र तीन-चार एमबीचे असू शकते. ते दोनशे केबीपर्यंत आणले तर चिखलदऱ्याच्या घाटात रेंज क्षीण असतानाही पान उघडेल. दिवसाच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर चित्र काढावे आणि चित्रात माणसे असतील तर त्यांची संमती घ्यावी.

अशी साधी पाने गिटहब पेजेससारख्या सेवेवर फुकट ठेवता येतात. परंतु ही जागाही उसनीच आहे, हे विसरू नये. म्हणून मूळ फाइल व चित्रे पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवावीत. एक सेवा बंद पडली तर तीच पाने दुसरीकडे नेता येतात. ऐपत झाल्यावर स्वतःचा पत्ता, म्हणजे डोमेन, घ्यावा. त्याला दरवर्षी फी भरावी लागते. ती चुकली तर पत्ता हातचा जाऊ शकतो. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असा पत्ताही मिळतो. डोमेनची नोंदणी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ई-मेलवर करावी. सायबर कॅफेवाल्याच्या नव्हे. येथे गफलत झाली तर आपल्या नावाचा मालक पुन्हा दुसराच होतो.

आता सर्वांत अवघड प्रश्न. फलक रंगविणाऱ्या एका विद्यार्थिनीची उत्तम अक्षरे १४ एप्रिलच्या फलकांवर होती. घरचे म्हणाले, 'हे टाकू नको, मोठ्या शहरातल्या कंपनीत जात कळेल.' ही भीती खोटी नाही. आडनाव विचारून माणूस तोलणारे आजही आहेत. त्यामुळे अशा वेळी धाडसाचे व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाच नाही. मी तिला एवढेच म्हणालो, 'बाई, काम उत्तम असेल तर ते कोणासाठी केले म्हणून वगळू नकोस. खाली अक्षरांची मापे, रंग, लागलेला वेळ लिही, म्हणजे पाहणारा कामाविषयी बोलेल.' तिने फलक पहिल्या क्रमांकावर ठेवला, आडनाव मात्र लिहिले नाही. हा निर्णय तिचा आहे आणि मला तो पटतो. काय सांगावे व काय राखावे हे ठरविण्याची सत्ता स्वतःच्या पानावर आपल्या हाती असते.

संकेतस्थळाने नोकरी मिळतेच असे नाही. भेदभाव तर त्याने मुळीच संपत नाही. पण विचारणाऱ्यापुढे ठेवावयास पुरावा राहतो. शिक्षकांनी व कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या वाचनालयात किंवा विहारात महिन्याचा एक रविवार यासाठी द्यावा. ज्याचे पान झाले, त्याने आणखी दोघांचे करून द्यावे.