जुन्या डिझेल ट्रकचे इंजेक्टर : आधी मोजा, मग बदला

लाखो किलोमीटर धावलेला कॉमन रेल डिझेल ट्रक सकाळी लवकर सुरू होत नसेल, तर दोष पंपाचा की इंजेक्टरचा? दोन्ही भाग महाग आहेत. म्हणून अंदाजाने बदलू नका.

कॉमन रेलमध्ये इंधनाचा दाब १६०० बार किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. तो टिकतो पंप आणि इंजेक्टरमधील काही मायक्रॉनच्या फटीमुळे. या भागांना वंगणही डिझेलच पुरवते. डिझेलमधून पाणी किंवा बारीक धूळ आली की पृष्ठभाग झिजतात, फट वाढते आणि जास्त इंधन रिटर्न लाइनने टाकीकडे परत जाते. स्टार्टरवर पंप हळू फिरतो. त्या वेळी ही गळती भरून निघत नाही. रेलमध्ये किमान दाब तयार झाला नाही, तर ईसीयू इंजेक्शन सुरूच करत नाही.

तपासणी अशी करा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला खुणा असलेली स्वतंत्र बाटली जोडा आणि इंजिन ठरावीक वेळ आयडलवर चालवा. एका बाटलीत इतरांपेक्षा बरेच जास्त डिझेल जमले, तर तो इंजेक्टर झिजला आहे. सर्व बाटल्या उत्पादकाच्या मर्यादेत असतील, तर फिल्टर, दाबनियंत्रक व्हॉल्व्ह आणि शेवटी पंप तपासा.

इंजेक्टर बदलताना तांब्याचा वॉशर नवा घाला. इंजेक्टरवर कोड असल्यास तो ईसीयूमध्ये नोंदवा. फिल्टरही बदला, नाहीतर नवा भागही तसाच झिजेल.

लक्षात ठेवा : चालू इंजिनाची हाय-प्रेशर नळी कधीही सैल करू नका, गळती हाताने चाचपू नका. डिझेलची ही धार कातडीत घुसते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठा.