मुठेकाठचा इस्लाम

बखरींतून, पोवाड्यांतून आणि शालेय क्रमिक पुस्तकांतून ज्या इस्लामची मराठी वाचकास ओळख होते, तो बहुधा सुभेदारांचा, स्वाऱ्यांचा आणि तहनाम्यांचा इस्लाम होय. आणि ती ओळख खोटी नसली तरी इतकी एकांगी आहे की, बोहरी आळीत पिढ्यान्‌पिढ्या दोरखंड, खिळे नि रंगांचे डबे घेणाऱ्या पुणेकरास समोरच्या दुकानदाराचा धर्म नेमके काय सांगतो, याची सहसा वार्ता नसते. शेजार शतकांचा आणि परिचय मात्र उंबऱ्यापुरता, अशी ही स्थिती आहे.

या धर्माचे प्रवर्तक महंमद पैगंबर हे मक्केतील कुरैश कुळात इ. स. 570 च्या सुमारास जन्मले. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपलेले आणि पुढे व्यापारात सचोटीबद्दल नाव मिळविलेले हे गृहस्थ 610 मध्ये हिरा नामक गुहेत चिंतनात असता त्यांना प्रथम ईश्वरी वचनाचा साक्षात्कार झाला, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. आणि त्यानंतर सुमारे तेवीस वर्षे जी वचने अवतरत गेली, त्यांचा संग्रह म्हणजे कुरआन. ईश्वर एक, त्याला मूर्ती नाही, सहभागी नाही, आणि त्याच्यापुढे कुळाचा अभिमान व्यर्थ, ही शिकवण मक्केच्या धनिकांस रुचली नाही. छळ असह्य झाला तेव्हा 622 मध्ये पैगंबरांनी मदिनेस प्रयाण केले. हिजरी सनाचा प्रारंभ तोच. 630 मध्ये मक्का त्यांच्या हाती आली आणि 632 मध्ये त्यांचे देहावसान झाले.

आचारधर्माचे पाच स्तंभ सांगितले आहेत. एक ईश्वर व त्याचा प्रेषित यांची साक्ष देणारा कलमा; दिवसातून पाच वेळा नमाज; रमजानचे रोजे; ठराविक मर्यादेपलीकडील आणि वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा गरजूंस देणारी जकात; आणि ऐपत असल्यास आयुष्यात एकदा हज. आमच्या पंचांगात अधिक मास घालून चांद्र वर्षाचा ऋतूंशी मेळ बसवितात. हिजरी गणनेत तशी सोय नसल्याने रमजान दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि एकाच माणसाच्या हयातीत वैशाखाच्या वणव्यातही येतो नि पौषाच्या कडाक्यातही येतो. नमाजच्या रांगेत आधी आलेला पुढे उभा राहतो. सावकार आणि हमाल यांची जागा निराळी नसते.

मात्र ज्याप्रमाणे आमच्याकडे श्रुती, स्मृती आणि लोकाचार अशी उतरंड आहे, त्याचप्रमाणे इस्लाममध्येही कुरआन, त्याभोवती पैगंबरांच्या आठवणींवरून व धर्मशास्त्र्यांच्या निर्णयांवरून रचला गेलेला शरियतचा व्यवहार, आणि देशोदेशीचा लोकाचार असे तीन थर आहेत. ते एकमेकांत मिसळले की स्तुती करणारा आणि निंदा करणारा, दोघेही फसतात.

महाराष्ट्रात इस्लाम प्रथम आला तो तलवार घेऊन नव्हे, गलबतातून. अरब प्रवासी अल-मसूदी 916 च्या सुमारास चौल बंदरी आला, तेव्हा तेथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती आढळली. राष्ट्रकूट राजाच्या अमलाखाली त्यांचे तंटे त्यांचाच प्रमुख निवाडीत असे. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या 926 च्या ताम्रपटात तर संजाणच्या प्रदेशावर राष्ट्रकूटांनी नेमलेला ‘मधुमती’, म्हणजे महंमद, नावाचा ताजिक (अरब) अधिकारी भेटतो, ज्याने नद्यांवर मोफत नावा आणि वाटसरूंसाठी अन्नछत्र चालविले व एका देवीच्या मठास दानही मंजूर केले. अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील स्वारी 1296 ची, म्हणजे यानंतर साडेतीन शतकांहून अधिक काळाने घडलेली. त्या स्वारीमागोमाग दख्खनेत सूफी आले; चिश्ती परंपरेतील बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे 1337 मध्ये निधन झाले आणि त्यांची कबर खुलताबादेस आहे. याच सूफी प्रवाहाशी नाते सांगणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 1645 मध्ये ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत पुरा केला, आणि वारकऱ्यांनी त्यांस संतांच्या मांदियाळीत स्थान दिले.

पुण्यात या इतिहासाची सर्वांत जुनी खूण कसब्यानजीक मुठेच्या काठी, थोरल्या व धाकट्या शेख सल्ल्याच्या दर्ग्यांत आहे. त्या जागी पूर्वी पुण्येश्वर व नारायणेश्वर यांची देवालये होती, अशी परंपरा आहे आणि त्यावरील वाद अद्याप शमलेला नाही. गलबतांतून आलेल्या व्यापाऱ्यांची कथा सांगताना ही दुसरी कथा झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुढे पेशवाईतही दर्गे व मशिदी यांची इनामे चालत आली आणि काजीचे वतन सरकारदरबारी मान्य राहिले. रविवार पेठेतील जामा मशीद 1839 च्या सुमारास लोकवर्गणीतून उभी राहिली.

शहरातील मुसलमानही एकजिनसी नाहीत. पैगंबरांच्या पश्चात नेतृत्व कोणाचे, या प्रश्नातून सुन्नी व शिया हे भेद झाले आणि 680 मध्ये करबला येथे पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेल्यावर ते दृढावले. बोहरी व खोजे हे शियांच्या इस्माइली शाखेचे; खोज्यांचे इमाम दुसरे आगाखान 1885 मध्ये पुण्यातच वारले, आणि त्यांच्या पुत्राने 1892 मध्ये बांधलेल्या प्रासादात पुढे गांधीजी स्थानबद्ध होते. करबलेचा शोक ज्या मोहरमात पाळतात, त्यात पुण्याचे हिंदू एके काळी ताबूत बसवीत, नवस बोलत, फकीर होत. 1893 च्या मुंबईतील दंग्यानंतर तो सहभाग सोडण्याचा प्रचार झाला, आणि 1894 पासून सार्वजनिक गणेशोत्सवाने त्याची जागा घेतली. मोहरमातील ही भागीदारी लोकाचाराची होती, म्हणूनच ती जितक्या सहज जुळली तितक्याच सहज तुटली.

विचाराच्या पातळीवर मात्र पुण्याने निराळे काम केले. महात्मा फुले यांनी ‘मानव महंमद’ हे काव्य रचून पैगंबरांच्या समतेचा गौरव केला, तो जातिभेदाने पोळलेल्या समाजास आरसा दाखविण्यासाठी. मुलीला पित्याच्या मिळकतीत, मुलाच्या निम्मा का होईना, निश्चित वाटा कुरआनने सातव्या शतकात दिला. हिंदू कन्येस कायद्याने तसा वाटा मिळण्यास 1956 साल उजाडावे लागले, हे ध्यानी घेतले म्हणजे फुल्यांचे आकर्षण कळते. परंतु त्याच धर्मातील स्त्रीवर, पतीने एका दमात तीनदा ‘तलाक’ उच्चारताच, घराबाहेर पडण्याची पाळी येत होती. त्याविरुद्ध मिरजोळीच्या हमीद दलवाई यांनी 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला आणि 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. संस्थेच्या नावातच फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ऋण आहे. कुरआन तलाकास प्रतीक्षेचा अवधी घालते, आणि दांपत्यात फूट पडेल असे दिसल्यास दोन्ही घरचे मध्यस्थ नेमावयास सांगते. एका दमातील तलाक हा नंतरच्या व्यवहारशास्त्राने मान्य केलेला प्रकार. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला, तेव्हा दलवाईंना जाऊन चाळीस वर्षे झाली होती.

फुल्यांनी वचनाचा आदर केला, दलवाईंनी व्यवहारास हात घातला; दोघांचीही भाषा मराठी होती. इस्लामविषयी मत बनविण्यापूर्वी आपण वचनाबद्दल बोलत आहो, शास्त्र्यांच्या निर्णयाबद्दल की गल्लीतील रूढीबद्दल, एवढे जरी वाचकाने प्रथम निश्चित केले, तरी निम्मे वाद उद्भवणार नाहीत आणि उरलेले निम्मे वाद घालण्याच्या योग्यतेचे होतील.